मुठीला सात काळे

गल्लीत तिला चाळणी म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ती सगळ्यांची काकू. पण ती कोपऱ्यावरून वळली की दुकानदार शेजारच्याला डोळ्यानं खुणावायचा, आणि वजनकाट्याचं ताट पुन्हा एकदा पुसून ठेवायचा.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. गेली तीस वर्षं ती धान्याच्या गोदामात निवडण्याच्या कामावर होती. पत्र्याची लांबलचक शेड, उंचावर जाळीच्या खिडक्या, त्यातून तिरकी येणारी उन्हाची पट्टी आणि त्या पट्टीत तरंगणारा भुसा. टेबलावर धान्य ओतलं जायचं आणि बायका दोन्ही हातांनी ते पसरत खडे, फुटके, किडके दाणे बाजूला सारायच्या. बाकीच्या बोलत बोलत निवडायच्या. ही बोलायची नाही. तिच्या टेबलावरून गेलेल्या पोत्यात खडा सापडला असं कधी झालं नाही. आणि तिच्या नजरेखालून गेलेल्या माणसात खोट सापडली नाही, असंही कधी झालं नाही.

नवरा निवृत्त पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांची बंद पाकिटं न उघडता पोचवलेला माणूस. आणि बायको अशी की विजेच्या बिलाचं पाकीटसुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय फोडायची नाही. तो म्हणायचा, "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमच्या हिचं कशानं पोळलंय ते चाळीस वर्षांत कळलं नाही, पण ही पाणीसुद्धा फुंकून पिते."

अशा या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट उलटतपासणी न करता मान्य केली होती. ती म्हणजे सासूनं सांगितलेला घेवड्याचा नियम.

कालव्यापलीकडे त्यांचा शेताचा एक तुकडा होता. सासू गेल्यावर तो आणि घेवड्याचं बी तिच्याकडे आलं. बी दोन रंगांचं. तपकिरी दाणा मोठा, गुबगुबीत, मऊ शिजणारा. घरात खायचा तो आणि बाजारात जायचा तोही. काळा दाणा बारीक, कडक, शिजायला अर्धा दिवस घेणारा आणि शिजला तरी चवीला काही खास नाही. तरी पेरताना सासू मूठभर तपकिरी घ्यायची आणि त्यात मोजून सात काळे टाकायची. सहा नाही, आठ नाही. आणि ज्या वर्षी शेतात पाणी साचेल त्या वर्षी काळ्याला तोंड लावायचं नाही, एकूण एक दाणा बियाण्याला ठेवायचा.

"का पण?" नव्या सुनेनं तेव्हा विचारलं होतं.

"का म्हणजे? मुठीला सात," सासू म्हणाली होती. "मी विचारलं होतं का?"

तेवढ्यावर विषय संपला. गावातल्या बाकीच्यांनी काळे केव्हाच सोडले होते. पुष्कळांनी तर घेवडाच सोडून दुकानातली बियाण्याची पाकिटं आणायला सुरुवात केली होती. काळे उरले ते या एका घरात. रुंद तोंडाच्या मडक्यात, राखेत मुरवलेले, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात.

तीन वर्षांपूर्वी एक टोपीवाला आला. गोड बोलला, चहा प्याला, काळे-तपकिरी दाणे तिच्या तळहातावर ठेवायला लावून फोटो काढले आणि गेला. कुठला, कशाला आला, कुणाला ठाऊक. त्यानंतरच्या वर्षी गावाबाहेरच्या बियाणं केंद्रातल्या बाई आल्या. जुनी वाणं नाहीशी व्हायच्या आत थोडी थोडी जपून ठेवायची, असं त्यांचं काम. ती ऐकत राहिली. मनात पाल चुकचुकत होती. पण नाही म्हटलं तर संशय आपल्यावर येईल, असा तिनं हिशोब केला आणि आत जाऊन किलोभर घेवडा निवडला. तीस वर्षांच्या हातानं निवडला. बाईंच्या पिशवीत एकही काळा दाणा गेला नाही.

"एवढाच रंग असतो का, काकू?" बाईंनी विचारलं होतं.

"घेवडा तो. त्याला किती रंग हवेत तुम्हाला?"

आणि मागच्या वर्षी, घेवडा काढून झाल्यावर, तिनं दुकानात टांगलेलं बियाण्याचं एक पाकीट पाहिलं. चकचकीत कागद, वर घेवड्याचा फोटो. तपकिरी दाणे, आणि कोपऱ्यात तीन काळे.

"माझे आहेत हे," घरी येऊन ती म्हणाली.

"अगं, घेवड्यावर काय नाव कोरलेलं असतं?"

"तुम्ही पत्त्यावरून घर ओळखायचात. मी दाणा चेहऱ्यावरून ओळखते."

त्याच दिवशी तिनं मडकं रिकामं केलं. राख झटकली आणि काळे दाणे एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरले. ते वर्ष फार पावसाचं गेलं होतं, पीक जेमतेम, शेंगा पुऱ्या वाळल्याही नव्हत्या. पण वाळवत बसायला वेळ कुणाला होता? उन्हात पसरले की चार डोळे बघणार. दाणे भरले ते मोजून, चारशे बारा. झाकणाच्या कडेनं मेण ओतलं, मेण ऊन असतानाच त्यावर आपला अंगठा दाबला आणि कडीला लहानसं कुलूप घातलं. मग डबा न्हाणीघराच्या माळ्यावर, जुन्या बादल्यांच्या मागे सरकवला. तिथे चोर तर सोडाच, घरातलं माणूससुद्धा वर्षातून एकदा चढायचं. खाली रोज पाणी तापायचं आणि वाफ वर जायची, पण वाफ काही चोरी करत नाही.

मुलगा मालट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून घरी आली ती बारावी शिकलेली, शांत, हाताला चलाख. तिच्यात खोट काढायला चाळणीला दीड वर्ष लागलं, आणि ते निमित्तही सुनेनंच आयतं दिलं: तिला नोकरी लागली ती बियाणं केंद्रातच.

"दुसरं काही मिळालं नाही वाटतं?" सासूनं विचारलं.

"मिळालं असतं तर सांगितलं नसतं का, आई?"

"तिथे काय करायचं असतं?"

"ओल्या कागदावर दाणे मांडायचे. किती उगवले ते मोजायचं. लिहून ठेवायचं."

"एवढ्यासाठी पगार देतात?"

"तुलाही दाणे बघायचाच देतात की," सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

त्या दिवसापासून चाळणीचा एक डोळा सुनेच्या पिशवीवर राहिला. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?

पेरणीला पंधरा दिवस उरले तेव्हा ती माळ्यावर चढली. सून कामावर गेली होती, नवरा कोपऱ्यावर गप्पा मारायला. तिनं डबा पुढे ओढला आणि हात तिथेच थांबला. मेण होतं, पण त्यावर अंगठा नव्हता. कुणीतरी मेण पुन्हा वितळवून हळूच सारवून घेतलं होतं. डब्याच्या बुडाला गंज चढला होता, त्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. खाली उतरून तिनं दाणे जमिनीवर ओतले. एकदा मोजले, दोनदा मोजले. तीनशे ब्याण्णव.

वीस कमी.

दुसरी एखादी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती शांत राहिली. चोर पकडायचा तर चोराला आधी खुशीत राहू द्यायचं. जेवताना तिनं सहज विचारलं, "अहो, माळ्यावर कोण चढलं होतं?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "उंदीर असेल."

"उंदीर मेण पुन्हा लावून जातो?"

"शिकलेला असेल," तो म्हणाला आणि मान खाली घालून जेवायला लागला. सून पाणी आणायला उठली. पाणी तर समोरच होतं.

पुढचे चार दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून काढले. सून किती वाजता निघते, पिशवी कुठल्या खांद्यावर असते, परत येताना ती जड वाटते की हलकी. सून अंघोळीला गेली की पिशवी तपासायची. पाण्याची बाटली, कंगवा, घडी केलेला पांढरा कोट आणि एक वही. वहीत आकड्यांच्या रांगा. शेवटच्या पानावर सुटे दोनच आकडे होते: वीस. त्याच्यासमोर, चार.

वीस म्हणजे तिचे वीस, यात शंकाच नव्हती. पण चार कशाचे? चार जणांना दिले? चार वर्षांचा काही करार? या चारानं तिची झोप उडवली. दाणे गेले याचं दुःख वेगळं. पण घरातल्या माणसानं नेले, आणि नवऱ्याला ते माहीत आहे, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मुकादमानं विचारलं, "काकू, बरं नाही का?" कारण तिची मागची रजा त्याला आठवतही नव्हती.

"बरं करायला चाललेय," ती म्हणाली.

केंद्राची इमारत बैठी होती. आतलं दालन पाहून ती क्षणभर बावचळली. उंचावर खिडक्या, लांब टेबलं आणि टेबलांवर पसरलेले दाणे. तिचंच गोदाम, फक्त धुऊन पुसून लहान केलेलं. एका टोकाला पेढीत असतो तसला जाड पोलादी दरवाजा, त्यामागे थंड खोली. टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणत होते. ते चिमट्यानं एकेक दाणा उचलत होते. चिमट्यानं! तिनं नाक मुरडलं.

बाई बाहेरूनच आल्या. बुटांना चिखल, केसांत खोचलेलं पेन. "अरे, काकू! या ना. इकडे कशा?"

"माझे काळे कुठे आहेत?"

"काळे?"

"उगाच सोंग नको. वीस काळे दाणे. माझ्या सुनेनं आणून दिलेत तुम्हाला. कुणी सांगितलं आणायला? टोपीवाल्यानं?"

बाईंचा चेहरा खरोखर कोरा होता. तिनं माणसांचे चेहरे तीस वर्षं दाण्यांसारखे निवडले होते. कोरा चेहरा आणि कोरा केलेला चेहरा यांतला फरक तिला कळायचा. तरी ती मागे हटली नाही. बाईंनी आतून सुनेला बोलावलं. सून ओल्या हातांनीच आली, सासूला पाहून भिंतीला टेकली.

"आई, मी इथे काहीच आणलेलं नाही."

"मग वीस गेले कुठे? तुझ्या वहीत लिहिलंय. वीस, चार."

"तुम्ही माझी वही बघितलीत?"

"तू माझा डबा बघितलास, मी तुझी वही बघितली. फिटंफाट."

सुनेनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. मग अगदी हळू म्हणाली, "ते घरीच आहेत. पिठाच्या डब्यामागे, ओल्या फडक्यात. माळ्यावरून बादली काढताना डब्याचा गंज दिसला, म्हणून भीती वाटली. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हातच लावू दिला नसता. किल्ली बाबांनी दिली. वीस ठेवले होते, आई. चार उगवले."

दालनात मामांचा चिमटा तेवढा वाजला.

तिला समजावून सांगायची गरज नव्हती. विसात चार. म्हणजे तीनशे ब्याण्णवांतले तीनशेहून जास्त दाणे नुसते दिसायला दाणे होते. ती काही बोलणार, एवढ्यात बाई सावकाश म्हणाल्या, "काकू, म्हणजे तुमच्याकडे काळेही आहेत?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चोर पकडायला ती आली होती, आणि दोन वर्षं जपलेलं गुपित स्वतःच भर दालनात मांडून बसली होती.

घरी येऊन तिनं पिठाचा डबा सरकवला. फडकं उघडलं. चार दाण्यांना पांढरे, आकड्यासारखे वाकलेले कोंब आले होते. बाकीचे सोळा बोट लावताच पिचले. तिनं बोट नाकाशी नेलं आणि लगेच हात धुतला.

पण हातच्या कांकणालाही ही बाई आरसा लावणारी. सुनेनं फडकं जास्त ओलं केलं असेल, जागा गार असेल, मुद्दामच खराब दाणे निवडले असतील. तिनं स्वतः वीस दाणे घेतले, स्वतः फडकं भिजवलं, स्वतःच्या उशाशी ठेवलं आणि पाच दिवस कुणाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी उघडलं. तीन.

नवरा दारात उभा होता. "किल्ली तुम्ही दिलीत," ती म्हणाली.

"दिली."

"मला न विचारता."

"तुला विचारून आजवर कुणाला काय मिळालंय गं?" तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती, हे तिला जास्त लागलं.

त्या दिवशी सून कामावरून आली तेव्हा सासू ओट्याशी उभी होती. बराच वेळ तिनं भांडं घासलं. ते स्वच्छच होतं. मग म्हणाली, "कशानं मेले? सांग. तू तिथे शिकतेस ना?"

सून चाचरली. "आधी कशात असायचे?"

"मडक्यात. राखेत."

"मडकं श्वास घेतं, आई. राख ओल ओढून घेते. डबा..." ती थांबली.

"बोल. थांबू नकोस."

"दाणे पुरते वाळले नसतील आणि डबा घट्ट बंद केला, तर आतली ओल आतच राहते. वर उकाडा. दाणा कोंडून मरतो. आमच्याकडेही डबे घट्टच असतात, पण आधी खूप दिवस वाळवतात, आणि मग थंडीत ठेवतात."

म्हणजे चोर आला नव्हता. किडा लागला नव्हता, पूर आला नव्हता. तिच्या सासूचे, तिच्या सासूच्या सासूचे दाणे तिनंच कोंडले होते. स्वतःच्या अंगठ्याचा शिक्का मारून. ती ओट्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं फक्त विचारलं, "किती जगतील?"

"तीनशे बाहत्तर उरलेत. पन्नास-साठ. पण शेतात टाकले तर तेवढेही नाही. अशक्त कोंब मातीतून वर यायला दमतो."

"आणि तुमच्या त्या बाईंकडे दिले तर?"

सून भांडं जागेवर ठेवायला वळली. नोकरीही त्यांचीच आणि सासूही हीच. या प्रश्नाला तिनं उत्तर द्यावं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी बाईच घरी आल्या. मधल्या खोलीत बसल्या. चाळणीनं चहा दिला आणि समोर बसून उलटतपासणी सुरू केली.

"ते दुकानातलं पाकीट तुमचं का?"

"नाही."

"मग माझ्या दाण्यांचे फोटो काढून गेलेला तो टोपीवाला कोण?"

"मला खरंच माहीत नाही, काकू. तुमचे दाणे त्यानं नेले असतीलही. असं होतं. होत नाही म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होईल."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. गोड बोलणारा माणूस इथे हमखास हात वर करतो. ती थोडी पुढे सरकली.

"माझे दाणे तुमच्याकडे गेले की कुणाचे?"

"तुमचेच. तसा कागद करतो आम्ही. तुम्ही मागाल तेव्हा परत. दुसऱ्या कुणाला द्यायचे तर आधी तुम्हाला विचारणार."

"कागद काय, कुणीही करतो."

"मग न करू?"

"करा. मी फक्त म्हटलं."

बाई हसल्या नाहीत, म्हणून निभावलं. त्यांनी कप खाली ठेवला. "आता मी एक विचारू? मागच्या पावसाळ्यात तुम्ही दिलेल्या घेवड्याचं माझं खालच्या अंगाचं शेत पूर्ण बसलं. मुळं कुजली, एका झाडाचं पाहून दुसऱ्याचं, रांगच्या रांग. तुमचंही शेत सखल, पाणी साचलं होतं. तरी तुमचं निम्मं उभं होतं. मी दोनदा येऊन बघून गेले. मला कारण सापडेना."

चाळणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

"मुठीला सात," ती शेवटी म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. सात काळे, पावसाच्या वर्षी न खाण्याचा नियम, सगळं. हेही सांगितलं की किलोभर घेवड्यातून काळे तिनंच वेचून काढले होते. बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी काय लिहिलं माहितीये? एकरंगी, शुद्ध वाण. दाणे इतके एकसारखे की मला कौतुक वाटलं."

"निवडले होतेच तसे," चाळणी म्हणाली. लाज होती, पण तिच्यामागे कामाचा अभिमानही डोकावत होता.

"काळ्याचं मूळ कुजत नसणार," बाई पुढे म्हणाल्या. "आणि तो मध्ये मध्ये उभा असला की रोगाला पुढे सरकायला वाट मिळत नाही. पण सातच का, सहा किंवा नऊ का नाही, ते मला सांगता येणार नाही. पेरून बघावं लागेल."

"सासूलाही विचारलं होतं मी," ती म्हणाली. "ती चिडली होती."

सगळे दाणे एका ठिकाणी द्यायला ती काही तयार झाली नाही. एकाच टोपलीत सगळं घालायला ती मूर्ख नव्हती. अर्धे केंद्रात, अर्धे तिच्याकडे. बाई म्हणाल्या, घरी निम्म्यानं कमी उगवतील. ती म्हणाली, उगवू देत. कागद नवऱ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीपासून उलटा.

केंद्रातले दाणे भिजत घातले त्या दिवशी ती हजर होती. मामा चिमटा घेऊन बसले आणि सवयीनं सुरकुतलेले, राखाडी पोटाचे बारीक दाणे एका बाजूला सारायला लागले.

"हे काय चालवलंय?" ती टेबलाशी आली.

"खराब आहेत, काकू. भेसळ."

"खराब तुमचा चष्मा असेल. राखाडी पोटाचा काळा उशिरा येतो, पण येतो. दुसऱ्या पावसानं पहिले गेले तर शेंगा त्याच्याच. सासू त्याला धाकटा म्हणायची. ठेवा तो परत."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. "काकू, मग यांतला मेलेला कोणता आणि धाकटा कोणता?"

तिनं मामांच्या हातातला चिमटा बाजूला ठेवला. दाणा दोन बोटांत धरला, हलकेच फिरवला. "हा मेलाय. हा धाकटा. हा मेलाय. ह्याची खात्री नाही, ठेवा." बाई शेजारी उभ्या राहून लिहीत होत्या. तिनं मध्येच थांबून ते लिहिलेलं वाचून घेतलं, एक आकडा चुकला होता तो दुरुस्त करायला लावला आणि मगच पुढचा दाणा उचलला. मामा खुर्ची सरकवून जवळ आले. थोड्या वेळानं तेही बोटांनी दाणे फिरवून बघायला लागले.

केंद्रात एकतीस रोपं जगली. त्यांतली सहा मामांनी टाकायला काढलेल्या ढिगातली होती. घरी फडक्यात कोंब काढून परसात लावलेल्यांपैकी चौदा. त्यांतली पाच गोगलगाईंनी खाल्ली. त्या केंद्रानंच सोडल्या असतील असं ती दोन दिवस म्हणत होती, मग म्हणेनाशी झाली. त्या वर्षी तपकिरी घेवडा तिनं नुसताच पेरला, काळ्यांशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा. पाऊस मध्यम पडला, निभावलं. प्रत्येक ढगाकडे मात्र तिनं चोराकडे पाहावं तसं पाहिलं.

दर शनिवारी गोदामातून सुटली की ती केंद्रात जायची. रोपं मोजायची, पाट्या वाचायची, पहारेकऱ्याला विचारायची, "आठवड्यात कोण कोण आलं होतं?" तो सुरुवातीला चिडायचा, पुढे पुढे स्वतःच यादी सांगायला लागला. नोंदवहीतली जुनी ओळ खोडून बाईंनी नवी लिहिली: दुरंगी, मिश्र, काळा दोन प्रकारचा, एकरंगी करू नये. खाली सांगणाऱ्याचं नाव म्हणून तिचं नाव घातलं. ती ओळ तिनं स्वतः वाचली आणि म्हणाली, "सासूचं नाव आधी घाला."

पीक आलं. काळे दाणे केंद्रात वाळत पडले. इतके दिवस की तिला पुन्हा संशय यायला लागला. शेवटी सूनच सांगून कंटाळली, "आई, दातानं चावून बघा, फुटतो की दबतो. फुटला की वाळला." तिनं चावून बघितला. फुटला. मग सव्वासहाशे दाणे थंड खोलीत गेले. तेवढेच, परसातल्यांसकट, एका पिशवीतून सुनेच्या हातानं घरी आले. पिशवी तिनं दारातच उघडून मोजली. बरोबर होते. तरी तिनं दुसऱ्यांदा मोजले; सून तोवर चप्पल न काढता उभी राहिली.

मोजून झाल्यावर तिनं पिशवी मांडीवर घेतली. सुनेला वाटलं, आता ती सगळ्यांना बाहेर काढून दाणे स्वतःच लपवेल.

"तूच ठेव," ती म्हणाली. "कशात ठेवायचे, कुठे ठेवायचे, तुझं तू बघ."

"मी?" सून म्हणाली. "आणि जागा ठरली की तुम्हाला दाखवते."

"नको," ती घाईनं म्हणाली. "मला दाखवू नकोस. मला माझा भरवसा नाही. रोज उघडून बघेन मी."

सून पिशवी घेऊन आत गेली. ती ओसरीवर बसून राहिली, कान मात्र आतल्या पावलांकडे लागलेले. आणि मग, पावलं कुठे थांबतात ते ऐकू येऊ नये म्हणून, तिनं नवऱ्याला मोठ्यानं पेपर वाचायला सांगितला.